पायाखालची इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. तुमच्या घरी असते तशी वायरीची नव्हे. मी बिडाची, चांगली पाटाएवढी, आणि मला हाताने नाही तर पायाने चालवतात. कैरोच्या सय्यदा झैनब भागातल्या एका गल्लीत माझे सारे आयुष्य गेले.

माझा जन्म कैरोच्याच सबतिय्या भागातल्या एका ओतशाळेत झाला. ट्रामची फुटकी चाके आणि जुन्या नळांचे तुकडे भट्टीत वितळवले आणि तो लाल रस वाळूच्या साच्यात ओतला. तीच मी. एक कामगार मला लगेच बाहेर काढायला निघाला, तेव्हा म्हातारा ओतारी त्याच्यावर खेकसला, "हात लावू नकोस तिला. निजू दे वाळूत. घाई केलीस तर काचेसारखी होईल."

मी वाळूत सावकाश निवले. त्यामुळे माझ्या अंगात पेन्सिलीच्या शिशासारखे काळे, बारीक पापुद्रे तयार झाले. त्यांच्यामुळे ऊब माझ्या अंगभर सारखी पसरते. पण त्यांच्यामुळेच मला वाकता येत नाही. मी तडकते.

झैनहूम इस्त्रीवाल्याने, ज्याला सारे उस्ता म्हणजे उस्ताद म्हणत, मला दुकानात आणले तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. शेगडीवर तापवून तो मला ओल्या गोणपाटावर टेकवी, माझा ताव उतरेपर्यंत थांबे, मग पाठीवरच्या लाकडी ठोकळ्यावर पाय ठेवी. एक हात माझ्या लांब दांड्यावर. अंग झुलवत तो मला पायघोळ गलाबियांवरून असा नेई, की कापड कागदासारखे सपाट होई.

समोरचा मुतवल्ली नावाचा खाटीक त्याला नेहमी डिवचायचा. "उस्ता, तू लाथ मारलेले कपडे घालून मी नमाजला जायचं का?"

"माझा पाय दिवसातनं पाच वेळा धुतला जातो," उस्ता म्हणायचा. "तुझं तोंड किती वेळा धुतोस ते सांग."

पुढे मिशा पांढऱ्या झाल्या आणि उस्ताच्या हातांना कंप सुटला. त्याची मुलगी कौसर वायरीची इस्त्री घेऊन आली. उस्ताने ती धरली आणि पहिल्याच कॉलरला चार सुरकुत्या पाडल्या.

"हात ऐकत नाहीत गं," तो म्हणाला. "पाय अजून ऐकतो. ही आहे तोवर मी आहे."

ते मी ऐकले, आणि पहिल्यांदाच मला माझ्या अंगातल्या पापुद्र्यांची भीती वाटली.

त्या वर्षी बकरी ईदच्या आदल्या दिवशी गल्लीत मेंढ्यांचा कालवा चालला होता. दुकानात कपड्यांचा ढीग पडला होता. वडिलांना बसवेना आणि उभेही राहवेना, हे पाहून कौसर म्हणाली, "बाबा, तुम्ही जाऊन चहा घ्या. तोवर मी इस्त्री तापवून ठेवते."

ती मायेनेच म्हणाली. पण आच मोठी झाली. तिने मला चिंधीवर टेकवले, तर चिंधी तपकिरी झाली. गोणपाटावर निवेपर्यंत थांबायला वेळ कुठला? तिने पाण्याची लोटी उचलली.

नको, असे मी कशी म्हणणार? मला तोंड नाही. गार पाणी तापलेल्या अंगावर पडले, वाफ उसळली, आणि त्या आवाजात माझ्या पोटातला "टक्" कुणालाच ऐकू आला नाही.

उस्ता परतला. त्याने मुतवल्लीच्या पांढऱ्या गलाबियावरून मला फिरवले, आणि मागे केसासारखी एक काळी रेघ उमटत गेली.

"बाबा, हे काय झालं?"

उस्ताने मला उलटे केले. नखाने चीर चाचपली. मग रिकाम्या लोटीकडे पाहिले, ओल्या फरशीकडे पाहिले.

"म्हातारी झाली," तो म्हणाला. "बीड जुनं झालं की तडकतं."

मित्रांनो, बीड जुने झाले म्हणून असे तडकत नाही. हे उस्ताहून अधिक कुणाला ठाऊक असणार? पण मला वाचा असती, तर मीही तेच म्हटले असते.

मुतवल्लीने रेघ पाहिली. "राहू दे," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत सगळा रक्तानंच माखायचाय." त्या दिवशी त्याने उस्ताला डिवचले नाही.

वेल्डरने मला वाजवून पाहिले. "एक चीर बुजवली, तर शेजारी दुसरी जाईल, उस्ता." सबतिय्यातल्या त्या ओतशाळेत आता फरशा विकतात.

आता दुकान कौसर चालवते, वायरीच्या इस्त्रीने. मी दाराला अडण म्हणून पडून आहे. उस्ता शेजारी खुर्ची टाकून बसतो. बोलता बोलता त्याचा पाय माझ्यावर येतो आणि मला हळूच पुढे रेटतो. मी सरकत नाही. मी सरकले तर दार लागेल.

तुमच्या घरी बिडाचा तवा असेल, तर तो तापलेला असताना त्यावर गार पाणी ओतू नका, मित्रांनो. त्याचा तो निवू द्या. आतली चीर बाहेर ऐकू येत नाही.

संध्याकाळी कौसर दारापुढे पाणी शिंपडते. दिवसभर ऊन खाऊन मी तापलेली असते. ती आधी मला ओढून सावलीत ठेवते, पाठीवर तळवा टेकून बघते आणि पुरती निवल्यावरच लोटी उचलते. तेवढा वेळ उस्ता दुसरीकडे पाहत बसतो.