एक जून सोडून

पत्नी सिंधुताई गेल्या आणि दोन महिन्यांच्या आत रेणुकादास मास्तर फोनवर पैसे लावून रमी खेळू लागले. त्यांच्या लेकीला, विशाखाला, हे लातूरला कळलं ते शेजारच्या महानंदाकाकूंकडून. शनिवारी ती नांदेडला माहेरी आली ती भांडायच्या तयारीनं.

भांडण झालंच नाही. अण्णांनी सगळं सरळ सांगितलं. घर खायला उठतं, डावात समोर चार माणसं तरी असतात. सकाळी गेम काढून टाकायचा, संध्याकाळी पुन्हा घ्यायचा, असं चाललं होतं.

"माझ्यानं होईना बाई," ते म्हणाले. "तूच कायतरी कर."

विशाखानं त्यांच्या फोनवर बँकेचं ॲप उघडलं. कार्डाचा ऑनलाइन वापर बंद केला, यूपीआय बंद केलं, रमीवाल्यांना आपोआप पैसे ओढायची दिलेली परवानगी रद्द केली. पण अण्णांना हे सगळं पुन्हा चालू करता आलं असतं. म्हणून ॲपचा पिन तिनं बदलायचा आणि त्यांना सांगायचा नाही, असं ठरलं. अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले. विशाखाची बोटं सवयीनं चालली.

"एक जून टाकू नको," ते तसेच बसून म्हणाले. "लगेच ओळखीन मी."

आईची खरी जन्मतारीख कोणालाच माहीत नव्हती. शाळेत नाव घालताना तिच्या गावच्या मास्तरांनी एक जून लिहिला, तसा तो अर्ध्या गावाचाच लिहीत. अण्णांनीही पुढं कितीतरी पोरांचा लिहिला. पण या घरात तो दिवस आईचाच. बॅगेच्या कुलपापासून एटीएमपर्यंत सगळीकडं तोच आकडा.

विशाखानं तो पुसला. जरा वेळ लागला. मग कोणाचाच नसलेला एक आकडा टाकला आणि कार्डही आपल्या पर्समध्ये ठेवलं.

"आन् पैसे लागले तर?"

"बँकेत जा, स्लिप भरा."

"रांगेत सगळे म्हातारेच असतात."

"बोलायला बरे तुम्हाला."

रविवारी लातूरची बस लोहा सोडून पुढं आली, तोच अण्णांचा फोन आला.

"खेळायला बसलो होतो," ते म्हणाले. "पैसे गेले न्हाईत."

विशाखाला राग आला. तिनं तो गिळला.

"पिन सांगणार नाही मी, अण्णा."

"तोच मागायला फोन लावला होता. आता मागत न्हाई. पण फोन ठेवू नको. बोलत ऱ्हा जरा."

विशाखा शाळेचं, भाजीचं, शेजारणीचं, सुचेल ते बोलत राहिली. अहमदपूर आलं तरी दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नव्हता.