बॅनरवरचे मामा

माझ्या सासूबाई, गोदूआई, वाढदिवसाच्या बॅनरवरून वाचायला शिकल्या. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. आमच्या बेलपाड्यात शेंबड्या पोराच्या वाढदिवसालाही नाक्यावर बॅनर झळकतो. आईंना सगळे चेहरे ओळखीचे. चेहरा बघायचा, नाव आठवायचं आणि खालची अक्षरं जुळवायची. पुढे दुकानांच्या पाट्या, मग पेपर. हे फक्त मला ठाऊक होतं. मुलं चेष्टा करतील म्हणून त्या लपून वाचायच्या, अडल्या की माझ्याकडे यायच्या. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

माझ्या दिराच्या, हितेशच्या हळदीला दोन दिवस असताना मोरा बंदराला बळीराममामा झोपेतच गेले. आईंचे एकुलते एक भाऊ. सुतक कानावर पडलं की लागतं, असं आमच्यात मानतात. म्हणून माझ्या नवऱ्याने, हरेशने, लग्न उरकेपर्यंत आईला सांगायचं नाही असं ठरवून टाकलं. भावाचं तोंड तरी बघू द्या, असं मी म्हटलं, तर मलाच गप्प बसवलं. आमच्या घरात शहाणपण पुरुषांच्याच वाट्याला आलंय. हरेश एकटाच अंत्यविधीला जाऊन आला. त्याच्या कानावर पडलेलं सुतक कोण मोजतो?

दुसऱ्या दिवशी हळदीच्या साड्या घ्यायला आई, हरेश आणि मी पनवेलला निघालो. उरण नाक्यावर गाडी अडकली आणि समोरच मामांचा हसरा फोटो. मामा कबड्डीचे जुने खेळाडू, मंडळाने बॅनर लावला होता.

"मामाचा वाढदिवस हाय गो आई," हरेश घाईने म्हणाला.

आईंचे ओठ हलत होते. 'भावपूर्ण' झालं. पुढे 'श्रद्धांजली'. जोडाक्षराला त्या नेहमी अडायच्या. देवा, आज तरी अडू देत, असं मी मनात म्हणत होते. त्या अडल्या नाहीत. शेवटच्या अक्षरापर्यंत गेल्या आणि ओठ थांबले.

आता टाहो फोडतील, असं मला वाटलं.

"वाढदिवस हाय? बरा," त्या म्हणाल्या. "चल, गारी काड. उद्या पोराची हलद हाय."

दुकानात त्यांना मिठी मारून रडावंसं वाटत होतं. पण मी रडले असते तर हरेशला कळलं असतं, आणि त्यांनी गिळलेलं सगळं वाया गेलं असतं. मी नुसती एका पिवळ्या साडीचा पदर त्यांच्यापुढे धरून उभी राहिले. छान आहे म्हणाल्या. दुकानदार घडी घालायला थांबला होता, पण त्यांच्या मुठीतून पदर सुटेना.