उकंडाजीचा उजवा गुडघा

मी गुडघा आहो. उकंडाजीच्या उजव्या पायातला. सत्तर वर्षं या माणसाले उभा ठेवला, आता माहं आयकून घ्या.

जवानीत उकंडा नेरच्या संघात कबड्डी खेळे. रोज सकाळी डांबरी रस्त्यानं दोन कोस पळे. तेही उजव्याच कडेनं, समोरची गाडी दिसावी म्हणून. अरे बाबा, रस्ता मधात उंच अन् कडेले उतरता असते, पाणी वाहून जावं म्हणून. उजवा पाय रोज उतारावर. मांडीच्या बाहेरून उतरलेला, कातडीखालचा जाड पट्टा माह्या हाडावर घासे. एकदा नाही, हजारदा. मी दुखून सांगतलं. यानं मोहाच्या बियांचं तेल चोळलं अन् अजून पळला. दोन हंगामात संघातून नाव गेलं. तर चारचौघांत म्हणे, "गुडघा दगाबाज निघाला."

मी दगाबाज!

आता नात खुशी पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. भरती तवा तीन महिन्यांवर होती. उकंडा मोटारसायकलवर मागं, हातात घड्याळ, तोंडात शिव्या. रस्ता तोच, कडही तीच.

"आबाजी, गुडघ्याच्या बाहेरून सुई टोचल्यावानी होते."

"मंग जोरात पळ. दुखणं मागं राह्यते."

हे आयकलं अन् माहं डोकं फिरलं. मले डोकं नाही, तरी फिरलं.

दुसऱ्या दिवशी यानं किक माराले पाय उचलला. मी वाकलोच नाही. यानं शिव्या देल्ल्या, बुक्की मारली. नाही म्हंजे नाही! शेवटी घरापुढच्या पुलाच्या कठड्यावर बसला. पोरगी एकटीच पळाले गेली.

गाडीवरून याले घड्याळ दिसे. त्या दिवशी नात दिसली. परत येताना तिचा उजवा पाय खाली पडे, गुडघा आत वळे, तोंड वाकडं होये. उकंडानं रस्त्याचा उतार पाह्यला. मंग हात माह्यावर ठेवला. बरोबर त्याच जागी, जिथं पट्टा घासे.

"खुशे, थांब. आजपासून रस्ता बंद."

"काहून? अन् टायम?"

"घड्याळ गेलं खड्ड्यात. यवतमाळले हाडाच्या डॉक्टरले दाखवू. तो म्हणन तवा शाळेच्या मैदानात पळजो."

"भरती हुकली तर?"

"दुसरी येईन. गुडघा दुसरा येत नाही, बाई. माहाच पाह्य."

पोरगी रडली. तरी थांबली.

आता महिना झाला, डॉक्टरनं हो म्हटल्यावर मैदानात हळूहळू पळते. भरती होईन का नाही, मले माहीत नाही. उकंडानं माही माफी मागतली नाही, मले नकोही. पण तुमचा गुडघा बोलत असन, तर तेल चोळून त्याचं तोंड बंद करू नका. मी अजूनही पुरता वाकत नाही. अन् त्या रस्त्यासाठी किक माराले तर मरेपर्यंत वाकणार नाही.