पुठ्ठ्यावरचा सूर्य

पुठ्ठ्यावर सूर्य पुरीएवढा पडला होता आणि त्याची एक कड कुणीतरी हळूच तोडून खाल्ल्यासारखी नाहीशी झाली होती — सगुणाने दुर्बिणीची नळी जराशी ढकलली, कारण तो सारखा घसरायचा, लक्ष नसलं की थेट घरापुढच्या खळ्यातल्या सारवणावर. दुर्बीण शाळेची, कॅमेराही शाळेचा. नवरा, भिकाजी मास्तर, खग्रास बघायला कारवारला गेला होता. मिरजोळ्यात दिसेल तेवढं खंडग्रास बायकोच्या वाट्याला. 'नळीला डोळा लावू नकोस, पुठ्ठ्यावर पाड आणि त्याचा फोटो काढ,' एवढं बजावून. ग्रहणाने काही होत नाही, हे मास्तर शाळेत घसा फोडून सांगत आले होते. घरात, आईपुढे नि बहिणीपुढे, एकदाही नाही... जाऊ दे. घशालाही विश्रांती लागते.

पुठ्ठा लेकीने, चिमाने, एका हाताने धरला होता. दुसरा हात नेहमीसारखा तोंडावर, टाक्यांनी सांधलेल्या वरच्या ओठावर.

"हलवू नकोस गो."

"मी नाय हलत. पृथ्वी हलतेय."

सगुणाने कळ दाबली. तेवढ्यात खिडकीच्या फटीतून हौसावन्सं बोलल्या. मास्तरांची ही थोरली बहीण पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकून सकाळपासून दारं लावून बसली होती.

"सगुणे, आत ये गो. एकदा भोगलंस ना? पोर पोटात असताना गिराणात विळीवर बसलीस, ओठ चिरून आलं लेकरू. समोर उभं हाय, तरी अक्कल येत नाय?"

उत्तर तयार होतं. मी बसले नव्हते, वन्सं. काळोख्या माजघरात चटईवर पडून होते, पायावर डास बसला तो पिऊन उडाला तरी हलले नव्हते... सासूला सांगितलं, विहिरीवर सांगितलं, टाके घालणाऱ्या डॉक्टरलाही सांगितलं, त्याने विचारलं नसताना. मी काही केलं नव्हतं, मी काही केलं नव्हतं — आणि दर वेळी पदराला धरून चिमा ऐकत होती. काय ऐकत होती ती? की माझ्या तोंडावर गुन्हा आहे, फक्त तो आईने केलेला नाही... इतकी वर्षं मी स्वतःला सोडवत राहिले, आणि पोरीला तिथेच उभी ठेवली.

ऊन पितळी झालं होतं. आंब्याखालच्या सावलीत, पानापानांमधून, सूर्याच्या बारक्या कोरी पडल्या होत्या.

"चिरला," सगुणा म्हणाली.

"काय?"

"फणस, वन्सं. अख्खा. हाताला तेल चोळून, चांगला विळीवर बसून."

आत हंड्यावरचं झाकण वाजलं. "शिव शिव... आणि इतकी वर्षं नाय म्हणत होतीस?"

"तुम्हाला उगाच खरं वाटलं असतं."

चिमा आईकडे बघत राहिली. सूर्य पुठ्ठ्याच्या काठाशी गेला, नखाएवढी कोर उरलेला, आणि दोघींपैकी कुणी नळीला हात लावला नाही.

"कापा की बरका?" चिमाने विचारलं.

तिला पटलं होतं, की ती चेष्टा करत होती... आवाजावरून काही कळेना. तो फणस सगुणाने कधी चिरलाच नव्हता. जपून ठेवलेली एकुलती एक खरी गोष्ट आपल्या हाताने उकिरड्यावर टाकली, आणि आता तिची हळहळही वाटत नव्हती — कापा असावा, कोरडा, गोड, असं काहीतरी मनात जुळायला लागलं, आणि त्या काळोख्या माजघरात, दिवस भरत आलेली एक तरुण बाई चटईवरून उठली, कुणाला न विचारता दाराचा अडणा काढला आणि पोट सावरत बाहेर उजेडात आली —