रंभाबाईंचा फॉलो-अप

"घरच्यांनी बरं आहे म्हटलं, म्हणून पेशंट बरा आहे असं लिहू नकोस. ज्याच्या कानात मशिन आहे त्याच्याच हातात फोन द्यायला सांगत जा," असं वत्सलाताईंनी हिमानीला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

हिमानी तेव्हा पटकन म्हणाली होती, "ताई, ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याशी फोनवर बोलायचं तरी काय?"

पालघरच्या त्या छोट्याशा श्रवणयंत्र केंद्रातले सगळे हसले. कान तपासणाऱ्या वत्सलाताईसुद्धा हसल्या, आणि विषय तिथेच संपला.

पुढे स्वरा झाली आणि हिमानी घरूनच काम करू लागली. बोईसरजवळ सालवडच्या दोन खोल्यांत नवऱ्याच्या, अक्षयच्या, शिफ्टप्रमाणे दिवस उगवायचा आणि मावळायचा. तो कारखान्यात असला की घरात ती आणि लेक, आणि तो घरी असला की झोपलेला. सासर साताऱ्याकडे, माहेर त्याहून लांब. शेजारच्या खोल्यांत राहणारी मंडळी वर्ष पुरं व्हायच्या आत बदलायची, त्यामुळे ओळख वाढायच्या आधीच दाराला नवं कुलूप दिसायचं.

सकाळी स्वराला खिमट भरवून झालं की हिमानी गादीच्या वळकटीवर लॅपटॉप ठेवायची. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पेशंटचं एक पान होतं. कोणाला मशिन कधी बसवलं, कोणाला तपासणीला बोलवायचं, कोणाला सेल हवेत, याची कामं रोज सकाळी आपोआप समोर येत. फोन करायचा, दोन ओळी लिहायच्या, काम बंद करायचं. राहिलेलं काम लाल व्हायचं, आणि लाल रंग मालक धर्मेशभाईंच्या डोळ्यांत खुपायचा.

"हिमानीबेन, आज लाल किती छे?" एवढंच ते विचारायचे. दिवसभरात तिच्याशी स्वतःहून बोलणारा मोठा माणूस तो एकच.

या कामापायी तिला एक खोड लागली होती. स्वरा खेळात रमली की ती हळूच पाठीमागे जाऊन टाळी वाजवायची. पोरीने मान वळवली की जीव भांड्यात पडायचा. थोड्या वेळाने पुन्हा टाळी. शेवटी शेवटी स्वरा मान न वळवता नुसतं हसायला लागली, तेव्हा हिमानीने घाबरून वत्सलाताईंना फोन लावला.

"अगं, तिला खेळ वाटतोय तो," ताई म्हणाल्या. "तिला ऐकू येतं. तूच कोणाशी तरी बोल जरा. घरात बसून बसून वेडी होशील."

रंभाबाईंचं पान हिरवंगार होतं. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या या मासळी विकणाऱ्या बाईंना त्यांच्या नवऱ्याने, भगवंतने, हौसेनं मशिन घेऊन दिलं होतं. संपर्कासाठी सून तेजलचा नंबर. हिमानीने केव्हाही फोन केला तरी तेजल म्हणायची, "हां, बरं हाय सगलं." मध्येच एकदा "सासरे वारले आमचे" असंही तिने सांगितलं होतं. हिमानीने हळहळून दोन शब्द बोलून ते पानावर नोंदवलं होतं. काम बंद, पान हिरवं.

एका दुपारी एमआयडीसीच्या दिशेने मोठा धडाका झाला. खिडकीची तावदानं थरथरली, स्वरा दचकून किंचाळली. हिमानी तिला छातीशी धरून जिन्याने खाली धावली. खाली सगळी चाळ जमली होती. कोणी म्हणे बॉयलर फुटला, कोणी म्हणे रिअॅक्टर. "गॅस तो नहीं है ना?" एक बिहारी बाई पदर नाकाला लावून सगळ्यांना विचारत होती. अक्षयचा फोन लागेपर्यंत हिमानी नंबर फिरवत राहिली. तो सुखरूप होता. त्या दिवशी, सालवडला आल्यापासून पहिल्यांदा, शेजारणीने तिला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या सकाळी कामांत रंभाबाईंची तपासणी आली. तेजलने फोन उचलला.

"तुमच्याकडे ऐकू आला का काल आवाज?" हिमानीने सहज विचारलं.

"नाय कसा? भांडी पडली फलीवरची! आमी सगली रस्त्यावर. आत्या, सासऱ्यांची भन, ती तर ओला हात तसाच घेऊन पलाली."

"आणि रंभाबाई? घाबरल्या असतील ना?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तेजल?"

"आय आतच होती. मागच्या खोलीत. तिला कललंच नाय."

"मशिन होतं ना कानात?"

"मशिन..." तेजलचा आवाज एकदम खाली आला. "ते नाय घालत ती आता. सासरे गेले तवा बायांनी बांगड्या फोडल्या, मंगलसूत्र काढलं, कानातल्या कुड्या काढल्या. त्यातच मशिन बी काढलं. आत्या बोलली, मालकानं हौसेनं दिलेलं, आता कोणासाठी घालायचं? डब्यात घालून कपाटात ठेवलंय."

"आणि तुम्ही मला इतके दिवस..."

"तुमी विचारायच्या मशिन बरं हाय ना. मशिन बरंच हाय ना कपाटात!" तेजल हसायला गेली. "काय बोलू मी ताई? माझा नवरा बोटीवर. घरात आत्याचंच चालतं."

हिमानी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. धडाक्यानंतर गल्ली भरून माणसं बाहेर पडतात, गॅस असेल नसेल, आणि एक बाई आत तशीच बसून राहते. तिला कोणी डांबून ठेवलेलं नसतं. मागे वळून बघायचं फक्त कोणाला सुचलेलं नसतं.

धर्मेशभाईंना तिने सगळं सांगितलं.

"बहु वाईट झालं," ते खरोखर कळवळून म्हणाले. मग म्हणाले, "पण बेन, घरना मामला छे. आपण काय करणार? 'कस्टमर वापरत नाही' लिहा ने बंद करा."

"कस्टमर वापरत नाही असं नाहीये, भाई. तिला वापरू देत नाहीत."

"असा ऑप्शन नथी सॉफ्टवेअरमां."

"मग लाल राहू दे."

आयुष्यात पहिल्यांदाच ती वरिष्ठाला असं बोलली असेल. फोन ठेवला तेव्हाच तिने तारापूरला जायचं ठरवलं.

अक्षयला सुट्टी नव्हती. तिने स्वराला कडेवर घेतलं, टोपडं बांधलं, दुधाची बाटली पिशवीत टाकली आणि बोईसरहून शेअर रिक्षाने तारापूर गाठलं. बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्यांच्या पलीकडे ते घर होतं. ओट्यावर एक म्हातारी मासे साफ करत बसली होती, कपाळ मोकळं, नाकावर जाड चष्मा. ही भगवंतची थोरली बहीण, साखरबाई.

"कोन गो तू? एवढ्या उन्हात पोरीला घेऊन फिरतंस, अक्कल हाय का?"

"मी मशिनच्या दुकानातून आलेय. रंभाबाईंना भेटायला."

"मशिनचं आता काय काम? ज्यानं दिलं तो गेला."

"मावशी, हा चष्मा तुम्हाला कोणी दिला?"

"आमच्या मालकानं. का?"

"तुमचे मालक गेले तेव्हा हा नाही काढला कोणी?"

साखरबाईने कोयता थांबवला. रागावेल असं हिमानीला वाटलं, पण ती साध्या सुरात म्हणाली, "डोले लागतात गो मासे सोलाया. कानांचं काय काम? हात चालतात तिचे, तेवढं बस हाय." मग पुन्हा मासा हातात घेत म्हणाली, "मी रांड झाली तवा वरीसभर माझ्याशी कोन बोललं नाय. कान धड होते माझे. काय ऐकलं मी? भिंतीवरची पाल. तिला तेवढं तरी नाय ऐकावं लागत."

स्वरा किरकिरायला लागली. तेवढ्यात आतून तेजल आली. तिच्या हातात एक छोटा डबा होता.

"कपाट कोणी उघडलं?" साखरबाई ओरडली.

"मी." तेजल पुढे आली. "आत्या, त्या दिवशी मी माझं पोर उचललं नि बाहेर पलाली. रस्त्यावर गेल्यावर आठवलं मला, आय आत हाय. आठवलं, तरी मी परत नाय गेली. गॅस असता तर? तिला मारून मी तिचंच सुतक पाललं असतं."

मागच्या खोलीत रंभाबाई जाळ्याचा गुंता सोडवत बसल्या होत्या. दारात सावली पडली तसं त्यांनी वर पाहिलं. डबा ओळखला. हात आपोआप पुढे आला आणि मग, कोणी पाहिलं का या भीतीने, मागे गेला. तेजलने तो हात धरला आणि मशिन त्यात ठेवलं.

पण मशिन मुकं होतं. सेल आतच गळून हिरवट पडला होता.

"पालघरला न्यायला लागेल," हिमानी म्हणाली.

"वर्षश्राद्धाआधी रांडेनं उंबरा ओलांडायचा?" साखरबाई दाराशी उभी राहिली. "गावात तोंड दाखवाया जागा रहायची नाय."

बोललेलं रंभाबाईंना ऐकू आलं नव्हतं, पण आडवी उभी नणंद त्यांना कळली. त्या उठल्या. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, बेसूर आवाजात म्हणाल्या, "वन्सं, बाजूला व्हा. मी जाते." आणि साखरबाई, का कोण जाणे, बाजूला झाली. तिघी बाया आणि एक तान्ही रिक्षात बसेपर्यंत ती ओट्यावर उभीच होती.

पालघरला वत्सलाताईंनी मशिन उघडून साफ केलं, पण ते पुन्हा सुरू झालं नाही. दुरुस्तीला पाठवावं लागणार होतं. तोवर केंद्रातलं दुसरं मशिन रंभाबाईंच्या कानात बसवलं आणि हळूहळू आवाज वाढवला. पंखा, रस्त्यावरचा हॉर्न, स्वराचं बडबडणं. रंभाबाई प्रत्येक आवाजाला मान वळवत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं. धर्मेशभाई दाराशी येऊन उभे राहिले. लाल किती, हे त्यांनी विचारलं नाही.

मग रंभाबाई सुनेकडे वळल्या.

"तेजल, एक विचारू? इतके दिवस तुमी माझ्याशी बोलत होता का? मला ऐकू येत नव्हतं, पन तुमी बोलत तरी होता का?"

तेजलने मान खाली घातली. वत्सलाताई उगाच सेलची पाकिटं नीट लावू लागल्या. हिमानीने स्वराला घट्ट धरलं.

मशिन दुरुस्त होईल. सेल बदलता येतात. बाईच्या बांगड्या फोडणारे हात थांबवायला कायदे आणि ठराव होतात, व्हायलाच हवेत. पण मागच्या खोलीतल्या बाईशी बोलायचं बंद करावं असा ठराव कुठल्याच गावाने कधी केलेला नसतो. तो आपण घराघरांत न बोलताच पास करतो, आणि त्यावर सही आपल्या सगळ्यांची असते.

तुमच्या घरात, चाळीत, शेजारच्या आळीत अशी एक बाई नक्की आहे. गोळ्या घेतल्या का, जेवलीस का, यापलीकडे तिला बरेच दिवसांत कोणी काही सांगितलेलं नाही. हे पान बाजूला ठेवा आणि तिच्याकडे जा. तिला तुमचं तोंड दिसेल असे समोर बसा. मग आज बाजारात काय झालं, पोर काय म्हणालं, काय वाटेल ते तिला सांगा. आणि ती बोलायला लागली, तर उठू नका.