पन्नास ते साठ, पुरुष

मे महिन्यात माणसाला पंखा बंद करून पेटीसारख्या खोलीत बसवायचं आणि त्याचे कान तपासायचे, हे काम नलिनी खानझोडेनं मागून घेतलं नव्हतं. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यात ती सोळा वर्षं कान तपासत होती. अठ्ठ्याहत्तर साली डॉ. सुभाष पेंढारकरांनी एक योजना मंजूर करून आणली, आणि रोजच्या पेशंटांवर आठवड्याला आणखी आठ माणसं तिच्या वाट्याला आली. तीही धडधाकट.

योजना सांगायला सोपी होती. वय वाढलं की ऐकू कमी येतंच. पण किती कमी? दवाखान्यात होता तो तक्ता परदेशातल्या माणसांचा. फोर्ज शॉपमध्ये घणाच्या आवाजात वीस वर्षं काढलेला कामगार तक्रार घेऊन आला, की वरचे साहेब तोच तक्ता पुढे करायचे. एवढं तर वयानं होतंच, म्हणायचे. म्हणून डॉक्टरांनी ठरवलं, की इथलीच माणसं घ्यायची, गोंगाटात कधीही काम न केलेली, आणि वयाच्या दहा-दहा वर्षांचे गट पाडून त्यांचे कान मोजायचे. प्रत्येक गटात तीस पुरुष, तीस बायका.

बायका मिळाल्या, तरुण मिळाले. घोडं अडलं ते पन्नास ते साठच्या पुरुषांपाशी. कारखान्याच्या वसाहतीत त्या वयाचा, यंत्रापाशी न राबलेला पुरुष आणायचा कुठून? नलिनी ज्याला त्याला विचारून थकली. अशात गजानन भाकरे आला. डिस्पॅचमधला कारकून, मूळचा वर्ध्याचा, पंचावन्न वर्षांचा. स्वतः तपासून घेतलं, आणि आठवडाभरात ऑफिसातले आणखी आठ जण घेऊन आला. तपासणीला अर्धा दिवस सुट्टी मिळायची. आकडा एकोणतीसवर गेला.

डॉक्टर खूश झाले. नलिनीही झाली असती, पण आलेख काढायला बसली तेव्हा तिचा हात थांबला. वयानं उतरलेल्या कानाची रेघ घसरगुंडीसारखी हळूहळू खाली जाते. गजाननची रेघ चार हजार हर्ट्‌झच्या बारीक शिट्टीपाशी एकदम खड्ड्यात पडून पुन्हा वर आली होती. असे खड्डे तिनं फोर्ज शॉपच्या माणसांत शेकड्यांनी पाहिले होते. त्याच्याबरोबर आलेल्यांच्याही रेघा तशाच.

तिनं कागद डॉक्टरांपुढे ठेवले.

“ऐकू कमी येतं म्हणून माणसं काढायला लागलो, नलिनीबाई, तर ते मोजणं झालं नाही,” डॉक्टर म्हणाले. “ती निवड झाली.”

“रेघेवरून नाही काढायचं, डॉक्टर. नोकरीच्या पुस्तकावरून. एकोणतीसांचीही पुस्तकं बघते.”

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा होता.”

“माहीत आहे.”

“बघा मग,” ते म्हणाले.

आस्थापना विभागातल्या मनोरमाबाईंनी पुस्तकं काढून दिली. दोन दुपारी नलिनी तिथल्या धुळीत बसून पानं उलटत होती. वाचनालयातल्या दिगंबर कोल्ह्यांचे कान सगळ्यांत वाईट निघाले होते, पण त्यांच्या पुस्तकात वाचनालयाशिवाय काहीच नव्हतं. ते राहिले. गजाननच्या पुस्तकात एकसष्ट ते बहात्तर फोर्ज शॉप होतं. खांदा निखळला म्हणून नंतर टेबलावर. त्यानं आणलेले आठही असेच कुठे ना कुठे राबून ऑफिसात आलेले. नऊ नावांवर तिनं लाल रेघ मारली. उरले वीस.

गजाननला तिनं बोलावून घेतलं. जरा मोठ्यानं, समोर बसून बोलली.

“मी विचारलं होतं, आवाजात काम केलंय का. तुम्ही नाही म्हणालात.”

“हो ताई.”

“अर्ध्या दिवसाच्या सुट्टीसाठी?”

“ते बाकीच्यांचं. मी आपला...” तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. “घरी बायको म्हणते, तुम्हाला ऐकू येत नाही. मी म्हणतो, येते. रोजची कटकट. वाटलं, इथं नॉर्मलच्या यादीत नाव लागलं तर तिला दाखवता येईल. अन् मलाही.”

नलिनीला रागवायचं होतं. चौदा महिन्यांचं काम या माणसानं नासवत आणलं होतं. पण राग यायलाही अंगात जोर लागतो.

“तुमचं नाव त्या यादीत राहिलं असतं ना, तर तुमच्यासारखे कान म्हणजेच ठणठणीत कान, असं ठरलं असतं,” ती म्हणाली. “उद्या तुमचा शॉपमधला जोडीदार इथं आला असता, तर मी त्याला सांगितलं असतं, तुला काही झालेलं नाही, घरी जा.”

गजाननने मान वर केली. मग म्हणाला, “मोहन अजून तिथंच आहे. घणावर.”

दहा माणसं पुन्हा शोधायची होती. टी. टी. नगरात राज्य सरकारच्या ऑफिसांबरोबर छप्पन साली नागपुराहून आलेले कारकून राहत, हे नलिनीला ठाऊक होतं. आयुष्यभर फायलींत बसलेली माणसं. दर रविवारी ती बसनं तिकडे जाऊ लागली. दारोदार तेच प्रश्न, तेच पाणी, तेच “कानाचं काय एवढं?” काही जण कबूल होऊन आले नाहीत. काहींना मधुमेह निघाला; त्यानंही कान उतरतात, म्हणून तेही गळले. तिसावा माणूस पेटीत बसला तेव्हा दसरा उलटून गेला होता.

नवे आकडे हाती आले, तेव्हा डॉक्टरांनी गजाननचा कागद त्यांच्यावर ठेवून बघितला. त्याच्या वयाच्या माणसांपेक्षा त्याचे कान कितीतरी खाली होते. दाखला दिला: हे वयानं नव्हे, कामानं. मोहनसह घणावरच्या अकरा जणांनाही तसेच दाखले गेले. कारखान्यानं त्यांतल्या चौघांना शॉपमधून हलवलं. मोहन त्यांत होता. बाकीच्यांचे अर्ज वर पडून राहिले.

दाखला घेऊन गजानन पुन्हा आला. “ताई, घरी येऊन तुम्हीच सांगा. माझं ती ऐकणार नाही.”

संध्याकाळी नलिनी त्याच्या क्वार्टरवर गेली. त्याच्या बायकोनं, शशिकलाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि दाखला दोनदा वाचला.

“मी म्हणायची, मुद्दाम लक्ष देत नाहीत,” त्या हळूच म्हणाल्या. “सात वर्षं भांडली मी या माणसाशी.”

“काय म्हणते?” गजाननने विचारलं.

शशिकलाबाई उठून त्याच्या अगदी समोर येऊन बसल्या आणि तेच वाक्य त्यांनी मोठ्यानं, सावकाश पुन्हा म्हटलं. नलिनीचे पाय दुखत होते. चहा टाकते म्हणाल्या, तेव्हा तिनं नको म्हटलं नाही.