खोटा लॅपटॉप

"म्बाक, आत हवा तेवढा धिंगाणा घाल," पांजी म्हणाला होता. "आग लाव. मी आत्ताच्या स्थितीचा स्नॅपशॉट घेऊन ठेवलाय. परत फिरलीस की सगळं होतं तसं."

वेनिंगच्या जुन्या लॅपटॉपवर, तिला म्बाक म्हणजे ताई म्हणणाऱ्या या धाकट्या भावाने लिनक्स चढवलं होतं. काही मोडेल या धास्तीने ती एकही हुकूम टाइप करेना, म्हणून त्याने पडद्यावरच्या एका खिडकीत दुसरा, खोटा लॅपटॉप बसवून दिला. सरावासाठी.

सात महिन्यांच्या गेंदिसला झोपेतून उठताना झटके यायचे. हात फेकून ती पोटाशी दुमडायची. वेनिंगने ते फोनवर टिपले होते. सुराबायाहून महिन्यातून एकदाच येणारी डॉक्टर म्हणाली होती, झटके स्वतः पाहिल्याशिवाय औषध ठरवणार नाही. उद्या तिचा दिवस. आज सगळे तुकडे जोडून एक व्हिडिओ करायचा होता. फोन भरला म्हणून तुकडे लॅपटॉपवर उतरवून फोनमधून पुसून झाले होते. कुणाला पाठवलेही नव्हते, सासूबाईंनी बजावलं होतं, "गल्लीत कळलं तर पोरीला जन्माचा बट्टा लागेल."

जोडणीचं सॉफ्टवेअर तिने आधी खोट्या लॅपटॉपात चढवून पाहिलं. ते अर्ध्यात अडकलं. एरवी तिने घाबरून भावाला हाक मारली असती. आज तिला चेव आला. आतलं सगळं मुळापासून पुसण्याचा हुकूम तिने सावकाश टाइप केला, एन्टर दाबलं आणि सगळं नाहीसं होताना बघून चक्क हसली. मग स्नॅपशॉटवर परतली. खोटा लॅपटॉप पुन्हा होता तसा उभा राहिला.

व्हिडिओंचं फोल्डर मात्र रिकामं. बाहेरच्या, खऱ्या लॅपटॉपवरही रिकामं.

पांजी धावत आला. स्क्रीनवर वाकला.

"ते फोल्डर आत-बाहेर एकच होतं गं. आतून व्हिडिओ दिसावेत म्हणून मीच काल जोडलं."

"आणि वर म्हणालास, आग लाव."

"सांगायचं राहिलं, म्बाक."

पुसलेलं शोधणारं साधन त्याने तासभर चालवलं. फायलींची नावं सापडली, आत चित्र नव्हतं.

"तोंडी सांग ना डॉक्टरांना."

"गेल्या वेळी सांगितलं होतं. म्हणाल्या, पहिलटकरणीला असे भास होतात."

पांजी निघून गेला.

दुपारी तिने गेंदिसला निजवलं आणि फोन घेऊन शेजारी बसली. रोज या वेळी ती देवाची करुणा भाकायची, आज झटका नको. आता ओठ हलले ते वेगळ्याच शब्दांनी: आज येऊ दे. एकदाच. ते ऐकून तिचा तिलाच शहारा आला, पण फोन तिने खाली ठेवला नाही.

गेंदिसने कूस बदलली. पापण्या उघडल्या. आईला बघून ती खुदकन हसली आणि उचलून घे म्हणून तिने हात पुढे केले.

वेनिंगने उचललं नाही. ती रेकॉर्डिंग चालू ठेवून बघत राहिली. हसू मावळलं, ओठ मुडपले, गेंदिस रडू लागली. आई झटक्याची वाट बघत थांबली होती.